दीड वाजताचं दुखणं : क्लस्टर डोकेदुखीचं एक प्रकरण

रुग्ण 41 वर्षांचे, वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पेंट शॉपला कामाला. तक्रार एकच: उजव्या डोळ्यामागे आणि कानशिलात सहन न होणारं दुखणं. सुरुवात वयाच्या 29 व्या वर्षी झाली. दुखणं वर्षभर नसतं. हिवाळ्याच्या तोंडावर सुरू होतं, सहा-आठ आठवडे रोज छळतं आणि मग आपसूक निघून जातं. या सहा-आठ आठवड्यांना पुढे फेरा म्हटलं आहे; झटके असे झुबक्याने येतात म्हणून नाव क्लस्टर. मधल्या काळात डोकं साधं जडही होत नाही. बारा वर्षांत एक दाढ काढून झाली, नाकाचं ऑपरेशन झालं, चष्म्याचा नंबर दोनदा बदलला, अर्धशिशीच्या गोळ्या पोत्याने खाऊन झाल्या. निदान मात्र झालं नव्हतं.

हे प्रकरण एका माणसाचं नाही. अशा रुग्णांमध्ये पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते बांधलं आहे. औषधांचे डोस आणि सिलिंडरचे आकडे मात्र वापरातले आहेत. त्यातलं एकही औषध डॉक्टरांशिवाय सुरू करण्याजोगं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

दुखण्याची वेळ आणि रीत

झोप लागून दीड-दोन तास झाले की, म्हणजे रात्री दीडच्या सुमाराला, दुखण्यानेच जाग यायची. पाच-दहा मिनिटांत कळ शिगेला पोचायची आणि तासभर तिथेच राहायची. उजवा डोळा लाल, त्यातून घळाघळा पाणी, त्याच बाजूची नाकपुडी आधी चोंदलेली आणि मग वाहणारी. पापणी अर्धी खाली आलेली, कपाळावर घाम. तासाभराने कळ आली तशीच झपाट्याने उतरायची आणि माणूस गळून झोपायचा. फेरा ऐन भरात असला की दिवसाही एक-दोन झटके यायचे.

निदानासाठी सगळ्यात मोलाची गोष्ट पत्नीने सांगितली. "अहो डॉक्टर, हे एका जागी बसतच नाहीत. घरभर येरझाऱ्या घालतात, मूठ डोळ्यात दाबतात, कपाळ भिंतीला लावून उभे राहतात. पडून राहा म्हटलं तर अंगावर ओरडतात."

अर्धशिशीचा माणूस अंधाऱ्या खोलीत निपचित पडून राहतो, कारण हललं की दुखणं वाढतं. तिचा झटका 4 ते 72 तास चालतो आणि मळमळ, उलटी बहुधा असते. क्लस्टरचा माणूस पडून राहूच शकत नाही. आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे याचा झटका, औषध न घेता, 15 मिनिटं ते 3 तास टिकतो. दुखणं एकाच बाजूला, डोळ्याच्या आत, वर किंवा कानशिलात असतं. झटके दिवसाआड एकापासून दिवसाला आठपर्यंत. सोबत त्याच बाजूची डोळ्या-नाकाची लक्षणं किंवा अस्वस्थता, किंवा दोन्ही. या रुग्णाचा प्रत्येक झटका या चौकटीत चपखल बसत होता. पाण्याने डबडबलेला डोळा आणि घड्याळ या दोन गोष्टी कुणी एकत्र मांडून पाहिल्या नव्हत्या, एवढंच.

घड्याळाचा संबंध मेंदूशी आहे. झोप-जागेचं आणि ऋतूंचं वेळापत्रक सांभाळणारा हायपोथॅलॅमस हा भाग झटक्याच्या वेळी जागा झालेला दिसतो, हे 1998 साली पीटर गोड्सबी आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या पेट (PET) स्कॅनमधून दाखवलं. म्हणून दुखणं ठरल्या वेळी उठवतं, आणि पुष्कळांना दरवर्षी ठरल्या ऋतूतच गाठतं. हा आजार साधारण हजारात एकाला होतो, पुरुषांत जास्त. म्हणजे एखाद्या मध्यम आकाराच्या तालुक्यातही असे दोन-तीनशे लोक निघावेत. त्यातले बरेच आज सायनसचे किंवा अर्धशिशीचे म्हणून औषध घेत असतील.

बारा वर्षं कुठे गेली

पहिल्या फेऱ्यात कळ वरच्या दाढेपर्यंत उतरायची म्हणून दाढ काढली. पंधरा दिवसांनी दुखणं थांबलं. सगळ्यांना वाटलं, दाढच होती. तिसऱ्या फेऱ्यात सीटी स्कॅन झाला. सायनसच्या अस्तराला किंचित सूज आणि नाकाचा पडदा वाकडा निघाला. या दोन्ही गोष्टी कुठलीच तक्रार नसलेल्या लोकांतही सर्रास सापडतात. ऑपरेशन झालं, महिनाभरात दुखणं गेलं, पुढचं वर्ष बरं गेलं. त्यानंतर पुन्हा तेच.

फेरा आपल्या मुदतीने संपतो आणि त्या वेळी जो उपाय चालू असेल त्याच्या नावावर यश जमा होतं. दाढ, नाक, काढा, ताईत, सगळ्यांना आळीपाळीने गुण आला असं घरच्यांचं प्रामाणिक मत होतं. असाच फसवा हिशेब एकेका झटक्यातही होतो. दुखण्याची गोळी पोटातून रक्तात जाऊन काम करायला अर्धा-पाऊण तास घेते, आणि झटका तासाभरात आपणहून उतरतो. रुग्णाला वाटतं, गोळीने उतरला. म्हणून ती गोळी वर्षानुवर्षं चालू राहते आणि तो पाऊण तास रोज भोगायचा तो भोगतोच.

सायनसच्या दुखण्याबद्दल एक साधी कसोटी: खऱ्या सायनसच्या त्रासात घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड, बऱ्याचदा ताप, आणि दिवसभर रेंगाळणारं दुखणं असतं. नाकातून पाण्यासारखं वाहतंय, एकाच बाजूने, तासभरच, आणि तेही रोज ठरल्या वेळी, तर ते सायनस नव्हे.

व्हिडिओ आणि भिंतीवरचं कॅलेंडर

दवाखान्यात दिवसा अकरा वाजता हा माणूस धडधाकट दिसतो. त्यामुळे झटक्याचा पुरावा घरूनच यावा लागतो. पत्नीला सांगितलं: खोलीतला दिवा लावा, मोबाइल चेहऱ्याच्या पातळीवर धरा, दोन्ही डोळे एकाच चौकटीत येऊ द्या, चेहरा पुसायच्या आधी वीस सेकंद घ्या. मग मागे सरून चालताना वीस सेकंद. एवढं पुरतं. त्या चाळीस सेकंदांत उजवी पापणी डावीपेक्षा खाली आलेली, उजवी बाहुली लहान, डोळा लाल आणि माणूस पिंजऱ्यातल्या वाघासारखा फिरताना दिसला. निदान तिथेच जवळपास नक्की झालं.

नोंदीसाठी वही नको म्हणाले, म्हणून स्वयंपाकघरातलं तारखांचं कॅलेंडर वापरलं. तारखेच्या चौकोनात सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ, दहापैकी किती, काय घेतलं आणि ते सुरुवातीपासून किती मिनिटांनी. शेवटचा आकडा फार महत्त्वाचा. पुढे औषध चाललं नाही असं वाटलं तर बहुतेक वेळा कारण तिथे सापडतं.

दोन आठवड्यांच्या नोंदींतून आणखी एक गोष्ट पुढे आली. ज्या दिवशी बिअर घेतली त्या दिवशी तासाभराच्या आत झटका. फेरा नसताना हेच गृहस्थ लग्नकार्यात दोन-तीन पेले घेत आणि काही होत नसे. फेऱ्यात दारू चालत नाही आणि एरवी चालते, हे क्लस्टरचं ओळखीचं लक्षण आहे. दुपारची डुलकी आणि थिनरचा वास यांनीही झटका येत होता.

तपासण्या

निदान रुग्णाच्या सांगण्यावरून होत असलं तरी पहिल्यांदा एमआरआय करावाच, आणि त्यात पिट्युटरी ग्रंथी नीट पाहायला सांगावं, कारण तिथली गाठ क्वचित अगदी असंच दुखणं देते. तो स्वच्छ निघाला. डोळ्याचा दाब तपासला. काचबिंदूच्या तीव्र झटक्यातही डोळा लाल होतो आणि कपाळ ठणकतं, पण तिथे दिसणं धूसर होतं, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतात, उलट्या होतात. रक्तदाब, साखर, छातीचा एक्स-रे आणि ईसीजी हे पुढच्या औषधांसाठी लागणार होते. हे गृहस्थ वीस वर्षं सिगारेट ओढणारे, म्हणून फुप्फुसांची फुंकर चाचणीही केली.

आणखी एका आजाराची शक्यता बाजूला काढावी लागते. झटके 2 ते 30 मिनिटांचेच असतील आणि दिवसात पाचाहून जास्त येत असतील तर तो पॅरॉक्सिस्मल हेमिक्रेनिया असू शकतो. तो इंडोमेथासिन या वेदनाशामकाने पूर्ण थांबतो, ऑक्सिजनने थांबत नाही. इथे झटके तासाचे होते, तो प्रश्न उरला नाही. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं, एका क्षणात वीज पडावी तसं आलेलं, ताप, फेफरं, हातापायाची कमजोरी किंवा मान आखडणं यांच्यासोबतचं डोकं दुखणं असेल तर हा लेख बाजूला ठेवून तडक मोठं रुग्णालय गाठावं.

आधी जुनी औषधं हटवली

अर्धशिशीचं निदान धरून दोन गोष्टी चालू होत्या: प्रोप्रॅनोलॉल (बीटा-ब्लॉकर गटातलं औषध) 40 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आणि झटक्याला अर्गोटामाइन-कॅफीनची गोळी, जी औषधाच्या दुकानात मागितली की मिळत होती.

दोन्ही इथे नुसती निरुपयोगी नव्हती, धोक्याची होती. क्लस्टरचं मुख्य रोजचं औषध व्हेरापॅमिल हृदयाची विद्युत वाहिनी मंद करतं. प्रोप्रॅनोलॉलही तेच करतं. दोन्ही एकत्र दिली तर नाडी चाळिशीपर्यंत उतरू शकते, विद्युत संदेश अडून हृदयात ब्लॉक होऊ शकतो. प्रोप्रॅनोलॉल एकदम तोडताही येत नाही, म्हणून दहा दिवसांत हळूहळू कमी करून बंद केलं आणि मगच व्हेरापॅमिल सुरू केलं. अर्गोटामाइन रक्तवाहिन्या आवळतं आणि झटक्यावर पुढे द्यायचं सुमाट्रिप्टानही आवळतं. दोन्हींमध्ये किमान 24 तासांचं अंतर लागतं. रुग्णाच्या खिशातल्या, डब्यातल्या, कारखान्याच्या लॉकरमधल्या सगळ्या पट्ट्या मागवून घेतल्या. हे काम तोंडी सांगून होत नाही.

ऑक्सिजन: तीनदा फसला, चौथ्यांदा लागू पडला

उंच प्रवाहाचा शुद्ध ऑक्सिजन हा क्लस्टरच्या झटक्यावरचा सगळ्यात निर्धोक उपाय. 2009 साली लंडनमध्ये झालेल्या चाचणीत मिनिटाला 12 लिटरने 15 मिनिटं ऑक्सिजन घेतल्यावर 78 टक्के झटक्यांत रुग्ण वेदनामुक्त झाले किंवा पुरेसा आराम पडला. साध्या हवेने हेच 20 टक्के झटक्यांत घडलं. तरीही "ऑक्सिजन करून पाहिला, उपयोग झाला नाही" हे वाक्य सतत ऐकू येतं. या प्रकरणातही ते तीनदा ऐकू आलं, आणि तिन्ही वेळा दोष साहित्यात होता.

पहिल्यांदा घरी 2021 पासून पडून असलेलं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावलं. ते मिनिटाला 5 लिटर देतं, आणि नाकात घालायच्या दोन नळ्यांतून घेताना बाहेरची हवा त्यात मिसळते. फुप्फुसात पोचतो तो जेमतेम 40 टक्के ऑक्सिजन. कळ हललीसुद्धा नाही. दहा लिटरचं यंत्रही या कामाला अपुरंच आहे. इथे सिलिंडरला पर्याय नाही.

दुसऱ्यांदा सर्जिकल दुकानातून छोटा बी-टाइप सिलिंडर आणला, पण दुकानदाराने सोबत साधा मास्क दिला आणि फ्लोमीटर (प्रवाह मोजणारा मीटर) 6 वर ठेवायला सांगितला, कारण दम्याच्या रुग्णाला तेवढाच लावतात. निम्मा आराम पडला. तिसऱ्यांदा मास्क बरोबर होता, पिशवीवाला नॉन-रिब्रीदर, पण फ्लोमीटरखालच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण नीट बसलेलं नव्हतं. 12 लिटरवर निम्मा वायू तिथूनच फुसफुसत निघून जात होता. पंधरा-वीस मिनिटांच्या वापराला ती ओलाव्याची बाटली लागतच नाही. ती काढून नळी थेट जोडता येईल असा फ्लोमीटर मागावा.

चिठ्ठीवर म्हणूनच नुसतं "ऑक्सिजन" लिहून चालत नाही. या रुग्णाला दिलेली चिठ्ठी अशी होती: मेडिकल ऑक्सिजन, मिनिटाला 12 ते 15 लिटर, 15 ते 20 मिनिटं, नॉन-रिब्रीदर मास्क, 15 लिटरपर्यंतचा फ्लोमीटर, निदान क्लस्टर हेडेक. निदान लिहिल्यावर दुकानदाराचे प्रश्न थांबतात.

सिलिंडर कोणता घ्यायचा याचा हिशेब सोपा आहे. 12 लिटरने 15 मिनिटं म्हणजे एका झटक्याला 180 लिटर. बी-टाइपमध्ये सुमारे 1500 लिटर वायू मावतो, म्हणजे आठ झटके. दिवसाला तीन झटके असतील तर तिसऱ्या दिवशी रिकामा. डी-टाइप, ज्याला जम्बो म्हणतात, त्यात सुमारे 7000 लिटर असतो, म्हणजे अडतीस-एक झटके. फेरा ऐन भरात असताना घरी जम्बो आणि बाहेरगावी न्यायला बी-टाइप, अशी जोडी ठेवली. दोन्ही भाड्याने आणि डिपॉझिटवर मिळतात. फेरा संपला की परत करायचे. भरलेल्या सिलिंडरचा काटा 150 च्या आसपास असतो. 75 म्हणजे निम्मा शिल्लक, 30 वर आला की भरायला पाठवायचा. मेडिकल ऑक्सिजनचा सिलिंडर काळा आणि खांद्याला पांढरा असतो. नखशिखान्त काळा असेल तर तो वेल्डिंगचा, तो घ्यायचा नाही. जम्बो साखळीने भिंतीला बांधायचा. तो पडला आणि मान तुटली तर अख्खी खोली उद्ध्वस्त करतो.

वापरण्याची रीत पत्नीला आणि थोरल्या मुलीला शिकवली, कारण झटक्यात स्वतः रुग्णाचे हात थरथरतात. चावीने व्हॉल्व्ह सावकाश उघडायचा, झटक्याने नाही. फ्लोमीटरची गोळी मध्यापाशी 12 वर आणायची. मास्कच्या आत, पिशवीच्या तोंडाशी एक रबरी पडदा असतो. त्यावर बोट ठेवून पिशवी आधी पूर्ण फुगू द्यायची. मग मास्क नाकावर घट्ट, धातूची पट्टी नाकाच्या बाजूंनी दाबून. मास्कच्या एका गालावर रबरी चकती असते आणि दुसऱ्या गालाची भोकं बऱ्याच मास्कना उघडीच ठेवलेली असतात. तिथून बाहेरची हवा आत येते. घरचं माणूस शेजारी बसलेलं असताना आणि वायू चालू असताना ती भोकं अंगठ्याने झाकून धरायची. बसायचं खुर्चीवर, किंचित पुढे झुकून, खोल आणि संथ श्वास घेत. श्वास घेताना पिशवी पूर्ण चपटी होत असेल तर प्रवाह कमी पडतोय, 15 वर न्यायचा. कळ गेल्यावरही पाच मिनिटं चालू ठेवायचा, नाहीतर ती परत फिरते.

आणि हे सगळं पहिल्या पाच मिनिटांत व्हायला हवं. कॅलेंडरवर दिसलं की ज्या रात्री मास्क चार-पाच मिनिटांत लागला त्या रात्री दुखणं बारा-पंधरा मिनिटांत उतरलं, आणि ज्या रात्री "बघू या, वाढतंय का" म्हणून वीस मिनिटं घालवली त्या रात्री जवळजवळ काहीच फरक पडला नाही. म्हणून सिलिंडर पलंगाशेजारी, मास्क जोडलेला, चावी वर अडकवलेली.

आगीचा धोका खरा आहे. त्या खोलीत समई, उदबत्ती, डासांची कॉइल, सिगारेट काही नाही. ऑक्सिजन कपड्यांत मुरतो, म्हणून मास्क काढल्यावर अर्धा तास विस्तवाजवळ जायचं नाही. व्हॉल्व्हला तेल किंवा ग्रीस लावायचं नाही, तेलकट हातही नाही. आपल्याकडे डोकं दुखलं की पहिला हात बामच्या डबीकडे जातो. मास्क लावायच्या आधी कपाळाचा बाम आणि ओठांचं व्हॅसलीन पुसून टाकायचं. बिडी-सिगारेटमुळे फुप्फुसं खराब झालेल्या, दमेकरी माणसाला एवढा ऑक्सिजन डॉक्टरांनी तपासल्याशिवाय देऊ नये. त्याच्या शरीरात कार्बन डायऑक्साइड साठू शकतो.

इंजेक्शन

सिलिंडर हाताशी नसेल तेव्हासाठी सुमाट्रिप्टान 6 मिलिग्रॅम, कातडीखाली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला. दहा-पंधरा मिनिटांत काम करतं. 24 तासांत जास्तीत जास्त दोन, त्यातही किमान एक तासाचं अंतर. हेच औषध गोळीच्या रूपात या आजाराला फार उशिरा पोचतं. नाकातला फवारा त्या दोन्हींच्या मधला. टोचल्यावर छातीत आणि गळ्यात थोडा दाब, अंगात गरम लाट येते, ती काही मिनिटांत जाते. हृदयविकार, पक्षाघात, ताब्यात नसलेला रक्तदाब असेल तर हे इंजेक्शन वर्ज्य. सिगारेट ओढणारा चाळिशीतला माणूस, म्हणून हृदयाची तपासणी करूनच दिलं. ते महाग आहे, हेही धरून चालावं लागतं, त्यामुळे घरी ऑक्सिजन आणि बाहेर इंजेक्शन अशी वाटणी ठरली.

फेरा आटोक्यात आणणं

झटका उतरवणं एक आणि झटके येऊच न देणं दुसरं. व्हेरापॅमिलला जोर धरायला दोन-तीन आठवडे लागतात. तोपर्यंत निभवायला प्रेडनिसोलोन दिलं: रोज 100 मिलिग्रॅम पाच दिवस, मग दर तीन दिवसांनी 20 ने कमी करत 17 दिवसांत बंद. सकाळी न्याहारीनंतर, सोबत आम्लतेची गोळी. याच पद्धतीची चाचणी जर्मनीत झाली आणि 2021 साली प्रसिद्ध झाली. साखर आणि जुना क्षयरोग आधी तपासलेला होता. आपल्याकडे हे दोन्ही न पाहता स्टिरॉइड देणं फार महागात पडतं. याच फेऱ्यात आराम पडला म्हणून रुग्ण जुनी चिठ्ठी दाखवून पुन्हा पुन्हा कोर्स घेतात, आणि खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून चालणं बंद होण्याची वेळ येते. हे ठासून सांगितलं. मधुमेह असता तर डोक्याच्या मागच्या, ऑक्सिपिटल नसेपाशी स्टिरॉइड आणि भुलीचं इंजेक्शन दिलं असतं. त्यानेही काही आठवडे निभतात.

प्रोप्रॅनोलॉल उतरवण्याचे दिवस या कोर्सच्या आडोशाने निघाले. मग व्हेरापॅमिल 80 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. दर दोन आठवड्यांनी 80 ने वाढ, आणि प्रत्येक वाढीआधी ईसीजी. ईसीजीवरचं पीआर अंतर, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत विद्युत संदेश पोचायला लागणारा वेळ, 200 मिलिसेकंदांच्या आत राहायला हवं. पहिल्या कागदावर ते 160 होतं. वाढवलेली मात्रा रात्रीच्या वेळेला दिली, कारण दुखणं रात्रीचं. 240 वर झटके रोज एकावर आले, 320 वर दिवसाआड, 400 वर थांबले. पीआर 190 झालं होतं, तिथेच थांबलो. काहींना याच्या दुप्पट मात्रा लागते, पण ती घरी बसून वाढवायची गोष्ट नाही. बद्धकोष्ठ जवळजवळ ठरलेलं, म्हणून पहिल्या दिवसापासून रात्री इसबगोल आणि भरपूर पाणी. पावलांवर सूज येते, हिरड्या वाढतात. घसा दुखतो म्हणून कुणी क्लॅरिथ्रोमायसिन दिलं तर व्हेरापॅमिलची पातळी रक्तात चढते. दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना या औषधाचं नाव सांगायलाच हवं.

शेवटच्या झटक्यानंतर दोन आठवडे तीच मात्रा ठेवली आणि मग टप्प्याटप्प्याने उतरवली.

कामाची जागा

पेंट शॉपमध्ये दोन अडचणी होत्या. थिनरचा वास झटका आणत होता, आणि त्या जागी ऑक्सिजनचा सिलिंडर नेणं म्हणजे आगीला आमंत्रण. सुपरवायझरला "डोकं दुखतं" सांगून काही होत नाही, डोकं सगळ्यांचंच दुखतं. डॉक्टरांच्या पत्रात नेमकं मागितलं: आठ आठवडे पेंट शॉपऐवजी स्टोअर किंवा डिस्पॅच, फिरती पाळी बंद करून फक्त पहिली पाळी, आणि बी-टाइप सिलिंडर प्रथमोपचार कक्षात ठेवायची परवानगी. मुदत आणि जागा लिहिलेली असली की मंजुरी मिळणं सोपं जातं. सवलत कायमची मागितली असती तर बहुधा नाकारली गेली असती.

घरात

झटक्याच्या वेळी प्रश्न विचारायचे नाहीत, डोकं दाबायला जायचं नाही, मास्क द्यायचा आणि वेळ लिहायची. गार पाण्याची घडी काहींना बरी वाटते, ती चालेल. सुंठीचा लेप कपाळावर लावल्याने नुकसान नाही, डोळ्यात जाऊ देऊ नये एवढंच. नाकात लिंबाचा रस किंवा गरम तेल सोडणं मात्र बंद करायला सांगितलं. या घरात एका फेऱ्यात देवऋषीही झाला होता. रात्री दीडला उठून भिंतीवर डोकं आपटणाऱ्या माणसाकडे पाहून घरच्यांनी घाबरून ते केलं, त्यात त्यांना बोल लावण्यासारखं काही नाही. त्यांना आजाराचं नाव आणि मुदत कळली तेव्हा भीती उतरली.

एक प्रश्न प्रत्येक अशा रुग्णाला एकट्याला घेऊन, सरळ शब्दांत विचारावा: जीव द्यावासा वाटला का? माणसाला होणाऱ्या सगळ्यात तीव्र वेदनांपैकी ही एक आहे आणि तसा विचार येणं या आजारात नवल नाही. यांना आला होता, दोन फेऱ्यांपूर्वी. कुणी विचारलं नव्हतं म्हणून सांगितलं नव्हतं. टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक मराठीत चोवीस तास चालतो. तो पत्नीच्या आणि त्यांच्या दोघांच्या फोनमध्ये घातला.

पुढच्या फेऱ्याची तयारी

हा आजार मुळासकट जात नाही, फेरा परत येईल असंच धरायचं. पुष्कळांना आधी काही दिवस चाहूल लागते: त्याच डोळ्यामागे हलकी टोच, मान आखडल्यासारखी, पापणी जड. त्याच दिवशी ईसीजी काढून व्हेरापॅमिल सुरू करायचं, सिलिंडर मागवायचा, दारू बंद, दुपारची झोप बंद. तीन-चार झटके सोसून मग दवाखान्यात येणं यात दोन आठवडे वाया जातात.

रात्री कधी अपघात विभागात जावं लागलं तर तिथला डॉक्टर हा आजार पहिल्यांदाच पाहत असण्याची शक्यता मोठी. तो नसेतून दुखण्याचं इंजेक्शन देईल, सलाइन लावेल, झोपवून ठेवेल. म्हणून आधार कार्डाच्या पाकिटात एक कागद ठेवायला दिला. त्यावर लिहिलं आहे: निदान, एपिसोडिक क्लस्टर हेडेक, उजवी बाजू. मला बसू द्या किंवा उभं राहू द्या. आल्याबरोबर नॉन-रिब्रीदर मास्कने 15 लिटर ऑक्सिजन, 20 मिनिटं. आराम न पडल्यास सुमाट्रिप्टान 6 मिलिग्रॅम कातडीखाली. ट्रामाडॉल, पेंटाझोसिन ही दुखण्याची इंजेक्शनं नकोत. अर्गोटामाइन नको. व्हेरापॅमिल चालू आहे, बीटा-ब्लॉकर देऊ नये. मागचा ईसीजी, तारीख आणि पीआर. आज घेतलेली सुमाट्रिप्टानची इंजेक्शनं किती आणि किती वाजता: ही ओळ कोरी, पेन्सिलने भरायची.